चार अणूंचा फोटो

नाचणगावहून देवळी-वर्धा करत सेवाग्राम चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. १९३६ साली गांधीजी तिथे, तेव्हाच्या शेगावात, राहायला आले. त्यांचे पुतणे नारणदास गांधी यांचे चिरंजीव कनु आश्रमाच्या कचेरीत काम करायचे. विशीतल्या या तरुणाला कॅमेऱ्याची ओढ लागली. आश्रमाकडे त्यासाठी पैसे नाहीत, असं गांधीजींनी स्वच्छ सांगितलं. पुढे घनश्यामदास बिर्लांनी शंभर रुपये दिले आणि रोलायफ्लेक्स आला. फोटो काढायला परवानगी मिळाली ती तीन अटींवर: फ्लॅश वापरायचा नाही, कुणाला पोझ द्यायला सांगायचं नाही, आणि आश्रम यासाठी पैसा देणार नाही. १९३८ ते १९४८ अशी दहा वर्षं कनुभाईंनी या अटी पाळून गांधीजींचे फोटो काढले.

पहिली अट ऐकायला साधी आहे. पाळायला ती किती कठीण होती, हे आकडे मांडले की कळतं.

उजेड लक्समध्ये मोजतात. मेणबत्तीपासून मीटरभर अंतरावर जेवढा उजेड पडतो तो साधारण एक लक्स. वैशाखात वर्ध्याच्या मोकळ्या अंगणात भर दुपारी एक लाख लक्स असतात. मातीच्या भिंती, कौलारू छप्पर आणि बुटकं दार असलेल्या खोलीत दारापासून थोडं आत सरकलं, की शंभर लक्स उरले तरी पुष्कळ. दिवेलागणीनंतर कंदिलापासून मीटरभर अंतरावर दहा. पौर्णिमेच्या चांदण्यात जेमतेम पाव लक्स. म्हणजे अंगणातून खोलीत येईपर्यंत उजेड हजार पटींनी घटतो आणि रात्री आणखी दहा पटींनी. आपल्या डोळ्यांना ही घसरण जाणवत नाही, कारण डोळा क्षणोक्षणी स्वतःला बदलून घेतो. फिल्मला ती सोय नाही. कारखान्यातून निघताना तिच्यात जेवढी संवेदनशीलता भरली, तेवढीच तिची.

१९३८च्या सुमारास बाजारात मिळणाऱ्या रोलची संवेदनशीलता आजच्या मोजणीने आयएसओ १०० म्हटली तर ते उदारपणाचंच ठरेल. तेव्हाच्या रोलायफ्लेक्सचं भिंग साधारण एफ ३.५चं; एफचा आकडा जितका मोठा, तितकं भिंग आवळलेलं. अंगणातल्या उन्हात भिंग एफ ८वर आवळलं तरी सेकंदाचा पाचशेवा भाग पुरतो. खोलीतल्या शंभर लक्समध्ये भिंग पूर्ण उघडूनही सेकंदाचा तिसरा भाग लागतो, आणि कंदिलाच्या उजेडात तीन सेकंद. सूत ओढणारा हात सेकंदाला अर्धा मीटर सरकतो असं धरू. सेकंदाच्या तिसऱ्या भागात तो सतरा सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. फोटोत हात राहत नाही, पांढरट फराटा राहतो. आणि पोझ मागायची नाही म्हटल्यावर ‘बापू, जरा थांबा’ म्हणायचीही सोय नाही. त्यातून एका रोलमध्ये चौकटी फक्त बारा, आणि पुढच्या रोलचे पैसे आश्रम देणार नाही.

१९४६मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या मार्गारेट बर्क-व्हाइट गांधीजींचा चरख्याजवळचा फोटो काढायला गेल्या, तेव्हा त्यांना मोजून तीन फ्लॅश बल्ब वापरू दिले होते. पहिले दोन वाया गेले, तिसऱ्याने काम झालं. कनुभाईंना दहा वर्षांत एकही नाही.

आश्रमात राहणाऱ्या परचुरे शास्त्रींची कुष्ठरोगात शुश्रूषा करणारे गांधीजी हा कनुभाईंचा फोटो बहुतेकांनी पाहिलेला असतो. त्यांचे गाजलेले बहुतेक फोटो असेच दिवसाउजेडातले आहेत. सेवाग्रामची पहाट, कंदिलाशी चाललेलं पत्रलेखन, रात्री उशिरापर्यंतच्या मसलती यांतलं फारच थोडं आपल्यापर्यंत पोचलं. मला ही उणीव फार मोठी वाटते. ती त्यांच्या कौशल्याची नव्हती. त्या फिल्मलाच तेवढ्या उजेडात दिसत नव्हतं, एवढंच.

तेवढ्या उजेडात पाहणारी फिल्म पुढे बनली. कोडॅकची ट्राय-एक्स १९५४मध्ये रोलच्या रूपात आली, डब्यावर आकडा २००. १९६०मध्ये अमेरिकेत फिल्मचा वेग, म्हणजे तिची संवेदनशीलता, मोजायचं प्रमाण बदललं आणि तीच फिल्म ४००ची झाली. आत काहीही बदललं नव्हतं, त्यामुळे जुन्या डब्यांवरचे आकडे वाचताना हे साल ध्यानात ठेवावं लागतं. मग कोडॅकचीच १२५०ची रॉयल-एक्स पॅन आली. पोलिसी आणि शास्त्रीय कामासाठी हजाराच्या घरातली २४७५ रेकॉर्डिंग फिल्म आली. फुजीची निओपॅन १६०० आली. १९८८मध्ये आली कोडॅकची टी-मॅक्स पी३२००. तिच्या नावातला आकडा मात्र जरा समजून घ्यायला हवा. तिचा मूळ वेग कोडॅकच्याच माहितीपत्रकानुसार ८०० ते १०००. ‘पी’ म्हणजे ‘पुश’. उजेड कमी द्यायचा, फिल्म धुण्याच्या द्रावणात, म्हणजे डेव्हलपरमध्ये, जास्त वेळ ठेवायची आणि ३२०० वसूल करायचे. सावल्यांतला तपशील थोडा जातो, दाणे मिठासारखे वर येतात, पण चेहरा मिळतो.

३२०० म्हणजे १००ची बत्तीस पट. सेवाग्रामच्या त्याच खोलीत त्याच भिंगाने आता सेकंदाचा शंभरावा भाग पुरला असता. सूत ओढणारा हात सतरा सेंटिमीटरऐवजी अर्धा सेंटिमीटर हलला असता. कंदिलापाशी तीन सेकंदांऐवजी सेकंदाचा दहावा भाग, म्हणजे श्वास रोखून कॅमेरा छातीशी धरला तर जमण्याजोगा. उलट हीच फिल्म त्या अंगणात भर दुपारी निरुपयोगी. भिंग एफ २२पर्यंत आवळून आणि शटर पाचशेव्या भागावर ठेवूनही हवा त्याच्या चौपट उजेड आत आला असता.

एवढी संवेदनशीलता येते कुठून, हे पाहायला फिल्मच्या थरात उतरावं लागतं. तिथले आकडे वाचून माझी तरी मती गुंग होते.

फिल्मवर जिलेटिनच्या पातळ थरात चांदीच्या ब्रोमाइडचे दाणे असतात. वेगवान फिल्मचा मोठा दाणा धरा एक मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तेवढ्या दाण्यात चांदीचे आयन किती? घनतेवरून हिशेब केला तर सुमारे दोन हजार कोटी. पृथ्वीवरची माणसं आठशे कोटी, त्याच्या अडीच पट. पस्तीस मिलिमीटरच्या एका चौकटीत असे दाणे शंभर कोटींच्या घरात. कनुभाईंच्या रोलायफ्लेक्सची चौकट साडेपाच सेंटिमीटरहून थोडी मोठी चौरस, तिच्यात तशाच दाण्यांचा थर दिला तर चारशे कोटी. आणि छत्तीस चौकटींच्या अख्ख्या रोलमधली चांदी गोळा केली तर वजन साधारण पाव ग्रॅम.

आता उजेडाचे कण मोजू. एक लक्स हिरवा उजेड एका चौरस मायक्रॉनवर दर सेकंदाला चार हजारांवर प्रकाशकण टाकतो. वर्ध्याच्या दुपारी एका चौरस मिलिमीटरवर, म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढ्या जागेवर, सेकंदाला चार कोटी कोटी कण पडतात. चारवर चौदा शून्यं. आता आयएसओची व्याख्या हाताशी घेऊन उलटा हिशेब करा. फोटोतल्या सर्वांत काळ्या, पण तपशील दिसेल अशा सावलीसाठी १००च्या फिल्मला एका चौरस मायक्रॉनवर तेहेतीसेक कण लागतात. १०००च्या फिल्मला तीन. खरोखर ३२००चा वेग असलेल्या फिल्मला एक.

एका दाण्याच्या वाट्याला एक कण! त्यातही काही दाण्यांना दोन-तीन मिळणार आणि काहींना एकही नाही, कारण उजेड समान वाटणीने पडत नाही. वेगवान फिल्मचा फोटो खरबरीत दिसतो त्याचं हे एक कारण. दाणे मोठे असतात हे खरंच, पण त्या पातळीवर उजेडच तुकड्यातुकड्यांनी येत असतो. खरबरीतपणाला नुसता दोष म्हणणं मला म्हणून पटत नाही.

दाण्यावर कण पडला की आत काय होतं, हे रोनाल्ड गर्नी आणि नेव्हिल मॉट यांनी १९३८मध्ये, म्हणजे कनुभाई सेवाग्रामात फोटो काढू लागले त्याच साली, मांडलं. प्रकाशकण स्फटिकातला एक इलेक्ट्रॉन सुटा करतो. तो भटकत जाऊन स्फटिकातल्या एखाद्या उणिवेपाशी अडकतो. चांदीचा एक आयन तिथे ओढला जातो आणि त्याचा चांदीचा अणू होतो. असे चार अणू एका जागी जमले, की दाणा कायमचा ‘पाहिलेला’ ठरतो. दोन हजार कोटींतले चार. दाणा बाहेरून जसाच्या तसा असतो, सूक्ष्मदर्शकातूनही फरक दिसत नाही. मग डेव्हलपर येतो आणि ज्या दाण्यात हे चार अणू आहेत तो सबंध दाणा काळ्या चांदीत बदलतो. चारांचे दोन हजार कोटी, म्हणजे पाचशे कोटी पट वाढ, तीही पाच-दहा मिनिटांत, एका प्लास्टिकच्या टाकीत, बिनविजेची. शेजारचा दाणा, ज्याच्यात अणू जमलेच नाहीत, तो तसाच राहतो आणि नंतरच्या द्रावणात, हायपोत, विरघळून जातो.

चार हा आकडा मात्र आदर्श स्थितीतला आहे. बऱ्याच फिल्ममध्ये सुटे झालेले इलेक्ट्रॉन पुन्हा जागच्या जागी जाऊन बसतात आणि दाण्याला चारापेक्षा कितीतरी जास्त कण गिळावे लागतात. वेगवान फिल्मचा सगळा इतिहास ही गळती थांबवण्याचा आहे. १९२०च्या दशकात कोडॅकच्या सॅम्युअल शेपर्ड यांनी शोधून काढलं, की काही जिलेटिन दुसऱ्या जिलेटिनपेक्षा चांगलं का निघतं. गुरांनी खाल्लेल्या मोहरीवर्गीय वनस्पतींतलं गंधकाचं संयुग जिलेटिनात उतरत होतं, दहा लाखांत काही भाग एवढंच. तेवढ्या गंधकाने दाण्यावर अणू जमायला जागा तयार होत होत्या. १९३६मध्ये आग्फाच्या रॉबर्ट कोस्लोव्स्की यांनी सोन्याच्या क्षाराचा अंश घातला आणि फिल्मचा वेग दुपटीच्या आसपास गेला. १९८०च्या दशकात कोडॅकने दाण्याचा आकारच बदलला. खड्यासारखा दाणा चपट्या वडीसारखा केला, म्हणजे तेवढ्याच चांदीत उजेड झेलायला जास्त पाठ मिळाली. टी-मॅक्समधला ‘टी’ त्या चपट्या दाण्याचा.

दाणा विसरतोसुद्धा. चांदीचा एकच अणू तयार झाला आणि दुसरा लवकर आला नाही, तर सेकंद-दोन सेकंदांत तो पुन्हा आयन होऊन जातो. म्हणून मंद उजेडात साधा त्रैराशिकाचा हिशेब चुकतो. पौर्णिमेच्या रात्री नाचणगावच्या शिवारात १००च्या फिल्मवर, एफ २च्या भिंगाने, गणिताने चाळीस सेकंद येतात. प्रत्यक्षात तेवढे दिले तर फोटो काळाच येतो, कारण कण एवढ्या सावकाश येतात की दाणे मधल्या मधे विसरत राहतात. ३२००वर तेच काम सव्वा सेकंदात होतं आणि विसरायला फारसा वेळच मिळत नाही.

नाटकाच्या प्रयोगात फ्लॅश चालत नाही, गाण्याच्या बैठकीत चालत नाही, इस्पितळात आणि गाभाऱ्यात चालत नाही. अशा ठिकाणी दोन-तीन दशकं या वेगवान फिल्मनी काम केलं. त्या हाताळायला अवघड. लाल दिवा चालत नाही, पूर्ण अंधारात बोटांनी चाचपडत फिल्म रिळावर चढवायची. एखादा फेर चुकून दोन पदर चिकटले, तर तिथे डेव्हलपर पोचतच नाही. डेव्हलपर २० अंशांवर हवा आणि आपल्याकडे मे महिन्यात छपरावरच्या टाकीचं पाणीच पस्तिशी ओलांडतं. बर्फाचे तुकडे पिशवीत घालून ती पिशवी डेव्हलपरमध्ये सोडायची, थर्मामीटरवर डोळा ठेवायचा, वीस आले की बर्फ काढायचा. बर्फ थेट टाकला तर द्रावण पातळ होतं.

आणि ज्या गुणासाठी ही फिल्म बनवली, त्याच गुणाने ती लवकर मरते. ज्या दाण्याला चार अणू पुरतात, त्याला ते चार अणू कुठूनही मिळाले तरी चालतात. उष्णतेनेही मिळतात. तापमान दहा अंशांनी वाढलं की रासायनिक क्रिया दुप्पट वेगाने होते, हा ढोबळ नियम लावला तर २० अंशांवर ठेवलेल्या रोलपेक्षा ४५ अंशांत ठेवलेला रोल साडेपाच पटींहून थोड्या जास्त वेगाने म्हातारा होतो. विदर्भात पत्र्याच्या दुकानात टांगलेला ३२००चा रोल एका उन्हाळ्यात करपतो, तो यामुळे. उष्णतेला फ्रीज आहे, पण आकाशातून येणाऱ्या कणांना इलाज नाही. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरमधून मिनिटाला साधारण एक म्युऑन नावाचा कण जातो. छत्तीस चौकटींचा रोल आडवा पसरून ठेवला तर त्यातून वर्षाला एकोणतीस कोटी म्युऑन आरपार जातात. ते काँक्रीटला जुमानत नाहीत, फ्रीजला तर नाहीतच. मंद फिल्मला त्याचं फारसं काही वाटत नाही. वेगवान फिल्मवर त्यांचं आणि जमिनीतून येणाऱ्या किरणांचं धुकं वर्षागणिक साचत जातं.

इथेच धंद्याचं गणित फसतं. फिल्म एकेक रोल करून बनत नाही. सव्वा-दीड मीटर रुंदीच्या अखंड पट्ट्यावर थर चढवतात आणि मग कापतात. असा पट्टा एक किलोमीटर ओढला तरी त्यातून चोवीस हजारांच्या आसपास रोल निघतात, आणि यंत्र एवढ्यासाठी चालू करणं परवडत नाही. १००ची फिल्म वर्षानुवर्षं गोदामात ठेवता येते. ३२००ची नाही ठेवता येत. म्हणजे जी फिल्म सर्वांत कमी खपते, तीच सर्वांत लवकर संपवावी लागते.

मग डिजिटल आलं. २००७मध्ये निकॉन डी३ने २५,६००पर्यंत मजल मारली, २०१६मध्ये डी५ने ३२ लाख ८० हजारांपर्यंत. फोटो कसा येतो ते सोडा, आकडा तर छापला गेला. रॉयल-एक्स पॅन आणि २४७५ त्याआधीच गेल्या होत्या. निओपॅन १६०० २०१०च्या सुमारास बंद झाली आणि परत आली नाही. टी-मॅक्स पी३२०० कोडॅकने २०१२मध्ये बंद केली, पण मागणी टिकून राहिल्यामुळे २०१८मध्ये पुन्हा सुरू केली. आपल्या देशाने उटीच्या थंड, धूळविरहित हवेत १९६०मध्ये उभी केलेली हिंदुस्थान फोटो फिल्म्स, तिचा ‘इंदू’ छापाचा रोल आणि एक्स-रे फिल्म, सगळं बंद पडलं.

चार अणू एकदा जमले की किती टिकतात, याचा एक पुरावा आर्क्टिकमधून आला. १८९७मध्ये स्वीडनचे सॉलोमन आंद्रे आणि त्यांचे दोन साथीदार बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे निघाले आणि परतले नाहीत. १९३०मध्ये एका बर्फाळ बेटावर त्यांचे अवशेष सापडले, सोबत उजेड दाखवलेली, न धुतलेली फिल्म. तेहेतीस वर्षांनी ती धुतली. सुमारे २४० चौकटींपैकी ९३ वाचवता आल्या. बर्फावर उतरलेल्या बलूनकडे पाहत उभी असलेली माणसं त्यांत स्पष्ट दिसतात. एकेका दाण्यातल्या मूठभर अणूंनी तेहेतीस वर्षं ती आठवण धरून ठेवली, पण ती बर्फात. वर्ध्याच्या उन्हाळ्यात तीच फिल्म तेहेतीस वर्षं टिकली नसती.

म्हणून नाचणगाव, पुलगाव, आर्वी, हिंगणघाट, वर्धा इथल्या वाचकांना एक विनंती. आजोबांच्या पेटीत, बंद पडलेल्या फोटो स्टुडिओच्या माळ्यावर, जुन्या कॅमेऱ्याच्या पोटात अजून न धुतलेले रोल पडून असतात. त्यांत कुणाची मिरवणूक असेल, कुणाचं लग्न, कापूस जिनिंगचा हंगाम, पुलगाव-आर्वी छोट्या गाडीचा डबा. पत्र्याखालचा प्रत्येक उन्हाळा त्यातलं थोडंथोडं पुसतो आहे. असा रोल सापडला तर तो उलगडून पाहू नका, कॅमेरा उघडू नका, कुरिअरने पाठवताना पाकिटावर ‘एक्स-रे करू नका’ असं लिहा. काळ्या कागदात गुंडाळून कोरड्या, थंड जागी ठेवा आणि कृष्णधवल फिल्म धुणाऱ्या लॅबकडे येत्या उन्हाळ्याच्या आत पोचवा.